कुडातलं गुंतवळ

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, म्हणून आधीच माफी मागते. शाळा चौथीला सुटली. त्यानंतर सही करण्यापलीकडे पेन हातात धरायची वेळ फारशी आली नाही. ही वही माझ्या लेकीची आहे. तिची बारावी झाली तेव्हा जीवशास्त्राची वही अर्धी कोरी राहिली होती. पुढून उघडली तर तिने काढलेली पेशींची चित्रं दिसतात, मी मागच्या बाजूने लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही, शब्द घशापर्यंत येतात आणि माघारी जातात. वहीपुढे तसं होत नाही.

सुरुवात केसांपासूनच करावी लागेल.

आमच्या मुरबाडच्या बाजूला बायका विंचरल्यावर फणीत राहिलेले केस फेकत नाहीत. ते बोटाभोवती गुंडाळायचे, गोळी झाली की तिच्यावर तीनदा थू थू करायचं आणि कुडाच्या फटीत खोचून ठेवायचं. कुड म्हणजे कारवीच्या काठ्यांची, शेणमातीने लिंपलेली भिंत. केस उघड्यावर पडले तर कुणी करणी करेल, पाखराने घरट्याला नेले तर डोकं दुखेल, असं म्हाताऱ्या सांगायच्या. मला वाटतं खरं कारण वेगळं होतं. वर्षातून दोनदा डोक्यावर पाटी घेऊन भांडीवाली यायची आणि गुंतवळाच्या बदल्यात वाटी, डाव, कधी एखादा टोप द्यायची. घरातल्या सगळ्या बायकांचं गुंतवळ एकाच फटीत जायचं आणि टोप मात्र आजीच्या नावाचा व्हायचा.

माझी आई हरवली तेव्हा मी चौथीत होते. आमचं घर वैशाखऱ्याजवळच्या पाड्यावर, पण त्या वर्षी सगळे वीटभट्टीवर होतो. आईला ताप आला, तो डोक्यात गेला, ती कुणालाच ओळखेना. वडील गाडी बघायला गेले आणि परत येईपर्यंत ती झोपडीतून निघून गेली होती. खूप शोधलं. मग भाकऱ्या माझ्याकडे आल्या आणि शाळा संपली. त्याला आता तीस वर्षं होत आली. वडीलही गेले. मी लग्न होऊन सरळगावाजवळ आले, माझ्या लेकीने बारावी केली, आणि आई हा विषय आमच्या घरात पितृपक्षातही कुणी काढत नसे, कारण ती आहे की नाही हेच ठाऊक नव्हतं. पान वाढायचं की नाही यावर भाऊ आणि मी दर वर्षी एकमेकांकडे बघायचो आणि वाढायचो नाही.

दोन वर्षांपूर्वी भाताची लावणी आटोपली होती तेव्हा भावाला फोन आला. रस्त्यावर सापडलेल्या माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथल्या बाई बोलत होत्या. आंध्राकडच्या एका आश्रमातून एक म्हातारी त्यांच्याकडे आणली होती. औषधांनी ती जरा माणसांत आली होती. नाव सांगत नव्हती, पण दोन गावांची नावं पुन्हा पुन्हा घेत होती. एक तानसा, दुसरं वैशाखरे. माझ्या आईचं माहेर तानसा धरणाच्या बाजूचं. भावाने फोन खाली ठेवला आणि मला लावला.

मी आणि माझे मालक दुसऱ्या दिवशी गेलो. संस्थेच्या ओसरीवर एक बारीक म्हातारी बसली होती, डोक्यावर आखूड पांढरे केस. तिच्या शेजारी एक जाडजूड बाई मांडी घालून बसली होती आणि तिला बेसनाचा लाडू भरवत होती. मी पुढे झाले तशी त्या बाईने मला खालून वर पाहिलं.

"कोण गो तू?"

"मी... हिची..."

"हिची कोण? नीट बोल की. ही माझी आय हाय."

ती शहापूरची होती. बाजारात सुकी मासळी विकायची, म्हणून तिला सगळे सुकटवाली म्हणत, आणि मीही इथे तसंच लिहिते. तिची आई वीस-बावीस वर्षांपूर्वी हरवली होती. पाडा तानसाजवळचा. तिची आईसुद्धा सुकटच विकायची आणि टोपली घेऊन पार वैशाखऱ्यापर्यंत यायची. म्हणजे ती दोन गावं जितकी माझी, तितकीच तिची. संस्थेच्या बाईंनी दोन्हीकडच्या पोलीस ठाण्यांना कळवलं होतं आणि दोन्हीकडून एकेक लेक आली होती.

मी म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं. आईचं तोंड मला आठवतं असं मी आयुष्यभर समजत होते. त्या दिवशी कळलं की मला आठवतो तो तिचा हात, मिठाचा खडा चिमटीत धरलेला. तोंड नाही.

"गोंदण बघा," माझे मालक म्हणाले. "आमच्या सासूच्या हातावर तुळस होती."

म्हातारीच्या हातावर तुळस होती.

"आमच्या आयच्या पण होती," सुकटवाली म्हणाली. "तुमच्याकडं गोंदणारी काय येगळी यायची? एकच बाई सगळ्या तालुक्यात तुळशी लावत फिरायची."

तेवढ्यात म्हातारीने शेजारची फणी घेतली, आखूड केसांतून फिरवली, निघालेले चार केस बोटाभोवती गुंडाळले, थू थू केलं आणि भिंतीकडे वळली. भिंत फरशीची, गुळगुळीत. तिने ते केस विजेच्या बोर्डामागे खोचले. बोर्डामागे आधीच्या कितीतरी गोळ्या होत्या.

"माझी आय असंच करायची!" सुकटवाली ओरडली.

"माझी पण," मी म्हणाले. तो माझा पहिला पूर्ण शब्द.

संस्थेच्या बाई डोक्याला हात लावून बसल्या. त्यांना वाटलं होतं खूण सापडली. ती खूण दोन तालुक्यांतल्या प्रत्येक बाईची होती.

शेवटी त्या म्हणाल्या, दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला आहे, आम्ही अंदाजाने कुणाच्या ताब्यात देऊ शकत नाही, डीएनए तपासणी करून घ्या. ठाण्याला लॅब आहे. तिघींची मिळून एकवीस हजार फी. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. आमच्याकडे त्या दिवसांत घरात एकवीस हजार कधी एकत्र राहिले नव्हते.

सुकटवाली माझ्याकडे बघून म्हणाली, "तू नको घाबरू. मी भरते सगळे. जिची आय निघंल तिनं फी सोसायची. माझीच निघणार हाय, मग तुझ्याकडनं कशाला घेऊ? तू तेव्हा एवढीशी होतीस, तुला काय आठवतंय? मी तर दोन लेकरांची आय होते. पण उद्या कुणी बोलाय नको, की बोलकी व्हती म्हणून घेऊन गेली."

खरं सांगते, मला तिचं पटलं होतं. मी येताना मालकांना म्हटलं, तिचीच असेल. ते म्हणाले, तू नेहमी असंच करतेस, रांगेत कुणी पुढं घुसलं तरी त्याचं काहीतरी काम असंल म्हणतेस. म्हणून मी ठाण्याला जायचं ठरवलं.

लेकीबरोबर मी टीव्हीवर पोलिसांच्या मालिका बघते. त्यात नेहमी एक केस सापडतो. साहेब तो चिमट्याने उचलतात, पिशवीत टाकतात आणि जाहिरातीनंतर माणूस पकडला जातो. माझ्या मनाने घेतलं की केस लागणार. आणि आईचे केस कुठे असतील हे मला ठाऊक होतं. भावाने आता विटांचं घर बांधलंय, पण जुन्या चुलीकडचा कुड तसाच आहे, त्यात शेळ्या बांधतात. मी खुरपं घेऊन गेले. चुलीच्या वरच्या अंगाला, आईचा हात पोचायचा तिथे, लिंपण खरवडलं. आतून काळा, चिकट, मातीने भरलेला गोळा निघाला, लिंबाएवढा. शेळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी तो धुतला नाही, मालिकेत धूत नाहीत. दुधाच्या पिशवीत घातला आणि पदराला गाठ मारली.

लॅबमध्ये आमचे नमुने घेणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पांढरा कोट, हातात रबरी मोजे. मी पिशवी पुढे केली. तिने गोळा उघडून पाहिला आणि हसली नाही, हे मी तिचं कधी विसरणार नाही. सुकटवाली मात्र हसली.

"अगं बाय, हे काय उंदराचं घर आणलंस?"

"आईचे केस आहेत," मी म्हणाले.

"मावशी, यात फक्त आईचे आहेत?" त्या मुलीने विचारलं.

मी विचार केला. आई, आजी, दोन काकू, आत्या लग्नाआधीची. "आमच्या सगळ्या घराचे," मी म्हणाले.

तिने आपल्या डोक्यातला एक केस उपटला आणि माझ्या तळहातावर ठेवला. टोकाला पांढरा, साबुदाण्याच्या कणीसारखा ठिपका होता. ते मूळ, तिने सांगितलं. त्याला चिकटून डोक्याच्या कातडीच्या पेशी येतात आणि माणूस कोणता ते त्या पेशींवरून नीट कळतं. म्हणून मारामारीत कुणाच्या मुठीत उपटलेले केस सापडले तर पोलिसांना ते सोन्यासारखे. फणीत गळून आलेला केस मात्र आधीच सुकलेला असतो, त्याच्या मुळाशी फार काही उरत नाही. नुसत्या काडीतूनही थोडं निघतं, पण ते आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला जसंच्या तसं जाणारं. त्यातून आईकडचं घराणं कळतं, त्यातली बाई कोण ते कळत नाही. म्हणजे ही आजी की तिची लेक की नात, ते तो केस सांगणार नाही.

"भिंग लावून नाही का कळत?" मी विचारलं. मला विचारावंसं वाटलं याचंच मला नवल वाटलं.

ती म्हणाली, भिंगातून केस माणसाचा की जनावराचा हे कळतं, रंगवलेला, कापलेला, गळलेला हे कळतं. हा केस त्या माणसाचा नाही, हे पुष्कळदा सांगता येतं. पण त्याचाच आहे असं नुसतं बघून कुणी सांगितलं तर विश्वास ठेवायचा नाही. सारखे दिसणारे केस खूप जणांचे असतात.

"तुळशीसारखं," मी म्हणाले.

तिला ते कळलं नाही, पण सुकटवालीला कळलं.

"मग आईचे केस नकोत?"

"नकोत मावशी. तुमचा गाल पुरे. आईचं अर्धं तुमच्याकडे आहेच, प्रत्येक पेशीत." आणि तिने कापूस लावलेली काडी काढली.

सुकटवालीने सकाळी मिश्री लावली होती. तोंड तपकिरी. त्या मुलीने तिला चार वेळा चुळा भरायला लावल्या आणि अर्धा तास बसवलं. "एवढी चूळ मी लग्नाच्या दिवशी नव्हती भरली," ती कुरकुरली. संस्थेच्या गाडीतून म्हातारीला आणलं होतं. तिने पहिली काडी चावून तिचा कापूस गिळला. दुसरी काडी घ्यायच्या आधी सुकटवालीने तिला सांगितलं, "आये, चावू नको गो, गोळी नाय ती." म्हातारीने तोंड उघडलं. मला वाटलं, बघा, ऐकते तिचं. मी पिशवीतला गोळा पुन्हा पदराला बांधला.

प्रत्येकीच्या काड्या वेगळ्या पाकिटात, पाकीट बंद करून त्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आमच्या सह्या, म्हणजे मध्ये कुणी उघडलं तर कळेल. सुकटवालीने झरकन सही केली. माझी सही पूर्ण व्हायला वेळ लागला, तोवर त्या मुलीने पाकीट धरून ठेवलं. फी भरताना सुकटवालीने प्लास्टिकच्या पिशवीतून नोटांची गड्डी काढली तशी पैसे घेणाऱ्या माणसाने नाकाला रुमाल लावला.

"बोंबलाचा वास हाय, पैसा खोटा नाय," ती म्हणाली. "मोजा."

निघताना मी त्या मुलीला विचारलं, निकाल इंग्रजीत येईल, आम्हाला कसा कळणार? तिने पावतीच्या मागे पेनाने दाखवलं. एका तक्त्यात वीसेक ओळी असतील. प्रत्येक ओळीत प्रत्येक माणसाचे दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. खरी लेक असेल तर प्रत्येक ओळीत तिचा निदान एक आकडा आईच्या दोनांपैकी एकाशी जुळणार. एखादी ओळ चुकली तर आम्ही पुन्हा तपासतो. बऱ्याच चुकल्या तर ती आई नाही. पण मावशी, तीन-चार ओळी कुणाच्याही कुणाशी जुळतात हां, तेवढ्यावर नाचू नका.

मी ती पावती घडी करून गोळ्याबरोबर ठेवली. हे मला समजलं होतं. चौथीपर्यंत गणितात माझी एकही बेरीज चुकत नसे.

तीन आठवड्यांनी सुकटवालीचा फोन आला. "पाकीट आलंय. फोडलं नाय. ये."

मी एकटीच गेले. मालक भाताच्या निंदणीला होते. सरळगावहून किन्हवलीची गाडी, तिथून शहापूर. बाजारात तिची जागा कोपऱ्यात आहे, समोर जवळा, सुके बोंबील, बांगडे, आणि मागे तीन मांजरं कायम पगारी नोकरांसारखी बसलेली. तिने मला टोपल्यांच्या मागे गोणपाटावर बसवलं, हात पदराला पुसले आणि पाकीट दाताने फाडलं.

तक्ता होता. पहिल्या उभ्या रांगेत म्हातारी, दुसरीत ती, तिसरीत मी. तिने आपला रुंद तळहात माझ्या रांगेवर ठेवून ती झाकली.

"आधी माझं."

पहिली ओळ. म्हातारी बारा, पंधरा. ती पंधरा, सतरा. "पंधरा! जुळला!" मांजरं उठून उभी राहिली. दुसरी ओळ. म्हातारी आठ, अकरा. ती आठ, नऊ. "आठ!" तिसरीत तीस जुळला. ती माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाली, "मी काय बोल्ले होते?" मी मान हलवली. मुलीने सांगितलं होतं, तीन-चार ओळींवर नाचू नका, पण ते सांगायला मला शब्द सापडेनात.

चौथी ओळ. म्हातारी सोळा, अठरा. ती पंधरा, सतरा.

ती थांबली. बोटाने पुन्हा मोजलं. "छापायला चुकलं असंल." पाचवी जुळली. सहावी नाही. सातवी नाही. आठवी जुळली, पण आता ती मोठ्याने बोलत नव्हती. नववी नाही. बाराव्या ओळीला तिने बोट उचललं. एक गिऱ्हाईक उभं होतं. "जवळा कसा दिला?" त्याने विचारलं. तिने ऐकलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. मी पहिल्यांदाच कुणा परक्या माणसाला मोठ्याने म्हणाले, "थांबा जरा."

तिने माझ्या रांगेवरचा हात काढला.

"वाच तुझं."

माझा आवाज फुटेना. मग तिनेच वाचलं, तिच्या बाजारातल्या आवाजात, माझ्यासाठी. बारा, जुळला. अकरा, जुळला. एकोणतीस, जुळला. अठरा, जुळला. मध्येच खाकरली, पुढे वाचत गेली. शेवटच्या ओळीपर्यंत एकही चुकली नाही. गिऱ्हाईक अजून उभं होतं, त्यालाही काहीतरी कळलं असावं, कारण त्याने टोपी काढून हातात धरली होती.

समोरच्या औषधाच्या दुकानदाराने खालचं इंग्रजी वाचून दाखवलं. तेच होतं.

सुकटवाली गोणपाटावर बसली आणि एक मांजर मांडीवर घेतलं. तिला मांजरं मांडीवर घेताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं, ती त्यांना हाकलायची. मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाली, "वीस रुपये वाटा. घ्यायचा तर घे, उगा उभा राहू नको." वाटा बांधून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "घेऊन जा तुझी म्हातारी. तिला बांगडा आवडतो, काटे काढून देत जा. आणि एकवीस हजार. पावती हाय माझ्याकडं."

आई माझ्या घरी आली. भाऊ मुरबाडहून पेढे घेऊन आला. पाड्यावरची माणसं दोन दिवस बघायला येत होती आणि आई सगळ्यांकडे बघून हसत होती. तिने मला नावाने हाक मारली नाही, अजून मारत नाही. पोरी म्हणते. माझ्या लेकीलाही पोरी म्हणते, शेळीलाही. पण पहिल्याच सकाळी तिने विंचरलं, केस गुंडाळले, थू थू केलं आणि सरळ आमच्या चुलीकडच्या कुडाशी गेली. हाताने चाचपत फट शोधली आणि गोळी खोचली. मग माझ्याकडे वळून असं पाहिलं, जणू काल रात्रीचं काम पुरं केलं. मी तो जुना गोळा त्याच फटीत, तिच्या गोळीच्या मागे सरकवून ठेवला.

हप्त्याचं असं ठरलं की दर महिन्याला जमेल तेवढं द्यायचं. मी शहापूरला जाऊन देणार होते, पण सुकटवाली म्हणाली, "तू कशाला भाडं घालवतेस? मी सरळगावच्या बाजाराला येतेच." ती सरळगावच्या बाजाराला त्याआधी कधी येत नसे, हे मला नंतर बाजारातल्या भाजीवालीकडून कळलं.

ती यायची ती टोपली घेऊनच. आईसाठी बांगडा, माझ्यासाठी जवळा. पैसे मोजून घ्यायची आणि मग आईला पुढ्यात बसवून तेल लावून विंचरायची. आईचे केस आता मानेखाली आले होते. आई तिला माझ्यादेखत लेक म्हणायची.

"तुझ्या आयला सांग," सुकटवाली मला म्हणायची, "रिपोर्ट वाच म्हणावं."

"वाचायला येत नाय तिला."

"तुला तर येतं. तरी पोरीच म्हणते तुला." आणि दोघी हसायच्या. आई कशाला हसायची ठाऊक नाही, पण जोरात हसायची.

एकदा वालाला भाव चांगला आला आणि मी तीन महिन्यांचे हप्ते एकदम पुढे केले. ती रागावली. "एवढी काय घाई गो? मी काय दारात बसून तगादा लावते?" तिने एकाच महिन्याचे घेतले आणि बाकीचे माझ्या डब्यात कोंबले. पुढे मी कधी घाई केली नाही.

आपला रिपोर्ट ती नेहमी जवळ ठेवते, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्या घालून. संस्थेच्या बाईंनी तिला सांगितलं आहे की तिचे आकडे त्यांच्या फाइलला आहेत. पुन्हा कुणी म्हातारी तानसाचं नाव घेत आली तर हिचा गाल पुन्हा खरवडायला नको, फक्त म्हातारीचे आकडे काढायचे आणि लावून बघायचे. "माझी अर्धी आय ह्या कागदात हाय," ती एकदा म्हणाली. मग लगेच, "बोंबलाचा वास लागंल तिला," म्हणून पिशवीची गाठ घट्ट केली.

गेल्या आठवड्यात भांडीवाली आली. आता ती पाटी नव्हे, स्कूटर घेऊन येते आणि भांड्यांऐवजी रोख पैसे देते. दोन वर्षांचं गुंतवळ फटीत साठलं होतं, आईचं, माझं, लेकीचं. जुना गोळा मी मागेच ठेवला. बाकीचं तिने तराजूत घातलं, वजन केलं आणि साडेतीनशे दिले. मला तेवढ्याचीच उणीव होती. हिशोब लेकीने केला, मी पुन्हा केला, दोन्ही जुळले.

काल सुकटवाली आली. मी पैसे पुढे ठेवले आणि म्हणाले, "हे शेवटचे."

तिने नोटांचा वास घेतला. "तेलाचा वास येतोय. कशाचे?"

"गुंतवळाचे."

"त्यात माझे पण केस होते," ती म्हणाली. "तुझ्या आयला विंचरून झालं की मी माझे पण विंचरायची, आणि कुडातच खोचायची. माझा वाटा काढ."

"तुमचे किती होते?"

"आता लॅबवाल्या पोरीला इचार."

आम्ही दोघी इतक्या हसलो की आई मध्येच उठून आली आणि आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत बसली. हसणं ओसरल्यावर सुकटवालीने साडेतीनशेतले वीस रुपये बाजूला काढले, माझ्या तळहातावर ठेवले, आणि क्षणभराने परत उचलले. "राहू दे. पुरे एकवीस हजार होऊ देत." मग सगळ्या हप्त्यांचा बांधून ठेवलेला गठ्ठाच तिने पिशवीतून बाहेर काढला. दोन वर्षांत त्यातली एकही नोट तिने खर्चली नव्हती. शेवटच्या नोटा त्यावर ठेवून, रिपोर्टभोवती गुंडाळून तिने रबर लावलं.

"पुढच्या म्हातारीची फी," ती म्हणाली. "बांगडा आणलाय, काटे काढून दे आयला. पुढच्या बाजाराला मोठा आणते."

पैसे मिळाल्याचं लिहून द्या, असं मी म्हणाले, कारण माझे मालक अशा बाबतीत पक्के आहेत. कागद नव्हता, म्हणून हीच वही पुढे केली. तिने मधल्या एका कोऱ्या पानावर लिहिलं, "एकवीस हजार पोचले, काय बाकी नाय," आणि खाली सही केली. तिचं अक्षर माझ्याहून वाकडं आहे.